पहिल्या तापवणीचा आकडा

पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचं खरं नाव छापलेलं असायचं, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर त्या स्वतः तरी मागे वळून पाहतील का, याची खात्री नव्हती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत येऊन त्यांना चौतीस वर्षं झाली होती आणि त्यातली निदान तीस वर्षं सगळे त्यांना काटेबाईच म्हणत होते. वजनाच्या काट्यावर बसायच्या, म्हणून काटेबाई. नवीन माणसाला वाटायचं, बोलणं टोचतं म्हणून हे नाव पडलं असेल. तेही कुणी खोडून काढत नसे.

त्या लागल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या आणि काम होतं काचेची भांडी धुण्याचं. वडील डबे-बादल्यांना डाख लावून द्यायचे. घरात पुस्तकापेक्षा हातातल्या कामाला मान. धुण्याच्या मोरीपाशी उभं राहिलं की वजनाची खोली समोर दिसायची. तिथला माणूस एकच वस्तू दोनदा ठेवायचा, दोन निराळे आकडे यायचे, आणि तो वैतागून मधलाच कुठला तरी लिहून टाकायचा. एक दिवस हात पुसत त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, तुमची खिडकी उघडी असली की काटा डोलतो. मी तीन दिवस बघतेय."

"तू भांडी धू," दादा म्हणाले.

त्यांनी भांडी धुतली, आणि जाता जाता खिडकी लावून घेतली. आकडे जुळायला लागले. दीड-दोन वर्षांत दादा दुसरीकडे गेले आणि काटा बाईंकडे आला.

पुढे काही वर्षांनी कॅलरीमीटर आला. बसवायला आलेल्या इंजिनियरनं पाच दिवस शिकवणी घेतली. पहिल्या दिवशी नऊ जण बसले होते, पाचव्या दिवशी एकट्या काटेबाई. तेव्हापासून सव्वीस वर्षं ते यंत्र आणि त्या, असा जोडीचा संसार चालू होता. यंत्राचं काम सांगायला सोपं. शर्टाच्या बटणापेक्षा लहान अशा दोन ॲल्युमिनियमच्या वाट्या असतात. एकीत नमुना, दुसरी रिकामी. दोघींना सारख्याच वेगानं तापवायचं आणि नमुन्याची वाटी किती जास्त उष्णता खाते ते बघायचं. काचेसारखं कडक प्लास्टिक ज्या तापमानाला मऊ पडायला लागतं, तिथे पडद्यावरची रेघ एक पायरी चढते. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं, पण प्रयोगशाळेत सगळे 'पायरी'च म्हणत. "पायरी कितीला आली?" एवढाच प्रश्न, आणि उत्तर बाईंनी द्यायचं. रोज सकाळी त्या आधी एका शुद्ध धातूचा कण वितळवून यंत्राची परीक्षा घ्यायच्या. तो आपल्या ठरल्या अंशावर वितळला तरच बाकीचं काम सुरू. "आधी यंत्रानं खरं बोलावं, मग आपण," असं म्हणायच्या.

त्या वर्षी घडलं ते असं.

कारखान्यात भाजलेल्या जखमेवर लावायच्या पट्ट्या बनायच्या. मऊ जाळीची पट्टी, आणि तिच्यावर प्लास्टिकचा अगदी पातळ थर. दुधावर धरते तशी साय, म्हणून सगळे तिला सायच म्हणत. पण ही साय डोळ्यांना दिसायची नाही. केसाच्या जाडीचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक, चाळीस नॅनोमीटर. ती साय जागेवर असली की पट्टी जखमेला चिकटत नाही, अलगद निघते. सगळी करामत तिचीच.

एका दुपारी जळित वॉर्डातली एक सिस्टर फाटकावर आली. रजा टाकून, दोन बस बदलून, काखेत पट्ट्यांचं खोकं घेऊन. तक्रारीचा कागद भरा आणि जा, असं फाटकावर सांगितलं, तर ती तिथेच बाकावर बसली. "मी कागद भरायला नाही आले. पट्टी बनवणाऱ्या माणसाला दाखवायला आलेय." तासाभरानं तिला आत सोडलं आणि कुणाच्या गळ्यात घालावी हे न सुचल्यानं काटेबाईंच्या टेबलाशी आणलं.

सिस्टरनं वापरलेली पट्टी पिशवीतून काढली नाही, फक्त सांगितलं. "काढताना जाळीबरोबर कोवळी कातडी येते. गेल्या आठवड्यात एक बाई इतकी ओरडली की शेजारच्या खाटेवरचं माणूस रडायला लागलं. आधी नव्हतं असं. उन्हाळा लागल्यापासून होतंय."

"खोकी कशी येतात तुमच्याकडे?"

"ट्रकनं. दुपारी हात लावला तर पत्रा पोळतो."

बाईंनी न उघडलेली एक पट्टी घेऊन भिंगाखाली धरली. साय जागोजागी फाटून गोळा झाली होती, जसं तेलकट ताटावर पाणी थेंब-थेंब होऊन बसतं. खालची जाळी उघडी पडली होती. म्हणजे पट्टी जखमेवर लावण्याआधीच, खोक्यात असतानाच, साय मऊ पडली होती. पण खोक्यावर तर छापलं होतं: पन्नास अंशांच्या आत ठेवा. आणि सायीची पायरी नोंदीत एकसष्ट अंशांना होती. बाईंनी स्वतः मोजलेली.

त्यांना रात्रभर झोप लागली नाही, असं काही झालं नाही. झोप लागली. पण सकाळी दात घासताना त्यांना एकदम कळलं, की त्यांनी सायीची पायरी कधी मोजलीच नव्हती. त्यांनी मोजली होती सायीच्याच प्लास्टिकची जाड वडी.

विभागप्रमुख हुशार माणूस, दोन पदव्या, बोलायला सौम्य. पण प्रत्येक गोष्टीला कार्यपद्धतीच्या पुस्तकातलं परिशिष्ट काढून दाखवायची सवय, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे परिशिष्टसाहेब म्हणायचे. त्यांनी तक्रार वाचली आणि म्हणाले, "नेहमीची चाचणी करा आणि अहवाल द्या. एकसष्टच येईल."

"वडीची करू, की सायीची?"

"एकच प्लास्टिक आहे, बाई."

"लोखंडी तवा आणि लोखंडी तार एकाच लोखंडाची असते साहेब, पण तवा वाकवून बघा." साहेब हसले नाहीत, तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, "इतकी पातळ झाल्यावर ती वेगळी वागत असेल. मला साय मोजायचीय."

"चाळीस नॅनोमीटर? यंत्राला दिसायचीदेखील नाही. वाटीत टाकणार काय?"

साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. यंत्राला चार-पाच मिलिग्रॅम तरी माल लागतो, आणि सायीचा तळहाताएवढा तुकडाही त्याच्या पासंगाला पुरला नसता. "एकावर एक रचीन," काटेबाई म्हणाल्या. साहेबांनी खांदे उडवले. तो त्यांचा होकार होता, निदान बाईंनी तसा धरला.

काचेच्या गुळगुळीत पट्टीवर तीच साय धरवायची. पात्यानं कडा खरवडायच्या. मग ती काच तिरकी करून पाण्याच्या भांड्यात हळूहळू बुडवायची. पाणी काच आणि साय यांच्यामध्ये शिरतं आणि साय सुटून पाण्यावर तरंगते. तरंगते म्हणजे काय, उजेड तिरका पडला तर पाण्यावर जराशी झाक दिसते, एवढंच. तारेच्या चौकटीनं ती उचलायची. जोरात श्वास सोडला तरी चुरगळते. पहिल्या दिवशी एकही धड निघाली नाही. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी बाईंनी पंखा बंद केला, दाराला 'शिंकायचं असेल तर बाहेर' अशी चिठ्ठी लावली आणि दुपारपर्यंत नऊ काढल्या. आठवड्यात छत्तीस झाल्या. एकीवर एक रचून, निर्वात पेटीत तीन दिवस सुकवून, घडी करून त्यांनी वाटीत दाबल्या तेव्हा वजन भरलं चार मिलिग्रॅमच्या वर थोडं.

पडद्यावर रेघ सरळ चालत होती. चाळीस अंश, पंचेचाळीस. मग ती चढली. सत्तेचाळीस.

वाटी नियमाप्रमाणे एकशेवीसपर्यंत तापली, दहा मिनिटं तिथे राहिली, थंड झाली, आणि यंत्रानं आपलं आपण दुसऱ्यांदा तापवायला सुरुवात केली. या खेपेला सत्तेचाळीसला काहीच झालं नाही. पायरी आली थेट एकसष्टला.

बाईंनी वाटी उघडली. आत गेली होती पांढुरकी घडी. बाहेर आला होता एक स्वच्छ, पारदर्शक थेंब.

"एकसष्ट," परिशिष्टसाहेब समाधानानं म्हणाले. "मी म्हटलं होतं."

"पहिल्या तापवणीत सत्तेचाळीस."

"परिशिष्ट ब, मुद्दा चार. पहिली तापवणी नमुन्याचा पूर्वेतिहास पुसण्यासाठी असते. अहवालात आकडा दुसऱ्या तापवणीचा. सगळं जग असंच करतं."

"वडीसाठी बरोबर आहे ते. पण इथे पुसलं काय गेलं ते बघा ना." बाईंनी चिमट्यात तो थेंब धरला. "छत्तीस सायी वितळून एक गोळा झाला. दुसऱ्या तापवणीत आपण सायच मोजली नाही. परत वडीच मोजली. रुग्णाच्या अंगावर आपण असा थेंब चिकटवतो का?"

"नियम नियम असतो."

"असू दे की. सही माझी असते."

हीच अडचण होती. त्याच पुस्तकात, दोन पानं पुढे लिहिलं होतं, की ज्यानं मोजलं त्यानंच सही करायची. साहेबांनी अहवाल छापून आणला. चौकटीत ६१. खाली रेघ. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि कागद जसाच्या तसा परत सरकवला.

"मी केलेली नाही ती चाचणी माझ्या नावावर नको."

"तुम्हीच केलीय!"

"थेंबाची केलीय. वर 'पट्टीवरील थर' असं छापलंय. 'थेंब' लिहा, आत्ता सही करते."

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. यंत्र दुसऱ्या एका तंत्रज्ञाकडे, आणि काटेबाई 'तात्पुरत्या' भांडी विभागात. म्हणजे चौतीस वर्षांनी त्याच मोरीपाशी. बघणाऱ्यांना वाटलं, आता बाई रडतील किंवा भांडतील. बाईंनी ॲप्रन बांधला, नळ सोडला आणि भांड्यांच्या ढिगाकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "कुणी धुतलीत ही आतापर्यंत? तळाला डाग तसेच आहेत." संध्याकाळपर्यंत सगळी भांडी अशी लखलखत होती, की धुणाऱ्या बाकीच्या दोघी त्यांच्यावर रुसल्या.

घरी लेक चिडली. ती बँकेत होती, तिला सह्यांची सवय. "आई, सगळे करतात गं सही. वरच्यांनी सांगितलं, तू केलीस, जबाबदारी त्यांची. तुला निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत, कशाला विस्तवाशी खेळतेस?"

"जबाबदारी त्यांची, तर सही त्यांनी करावी."

"तुझ्या एकटीच्या सहीनं काय जग थांबणारय?"

"जग नाही गं. पण कागद तर थांबलाय ना. बारा दिवस झाले."

त्यांचे यजमान बसचालक होते, आता निवृत्त. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, तू हिला समजावतेस? लग्न ठरलं तेव्हा मी उंची पाच फूट सात सांगितली होती. हिनं दारातच दोरी काढली. पाच सहा भरली."

"पाच फूट साडेपाच इंच," बाई आतून म्हणाल्या. "बूट घातले होते तुम्ही."

लेक हसली, पण तिचा राग गेला नाही. आणि बाईंनाही मनातून पूर्ण निश्चिंती नव्हती. मोरीत हात चालत असताना एक शंका त्यांना कुरतडत होती. तीच शंका घेऊन पुढच्या आठवड्यात परिशिष्टसाहेब स्वतः मोरीपाशी आले. नव्या तंत्रज्ञाला एकही साय पाण्यावरून अखंड काढता आली नव्हती, आणि सहीविना अहवाल पुढे जात नव्हता.

"बाई, नियम बाजूला ठेवा," ते म्हणाले. "मला एक सांगा. प्लास्टिक द्रावकात विरघळवून साय धरवतात. सुकवूनही तिच्यात थोडं द्रावक राहिलं असलं तर? द्रावकानं प्लास्टिक मऊ पडतं. पहिल्या तापवणीत ते उडून जातं, म्हणून दुसऱ्या वेळी पायरी वर सरकते. पातळपणाचा काही संबंधच नसेल."

काटेबाईंनी नळ बंद केला.

"हा प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या. "हा पहिल्याच दिवशी विचारला असतात तर मी एवढी भांडी घासली नसती."

"मग? उत्तर काय?"

"मला माहीत नाही. यंत्राला विचारावं लागेल. चूक निघाली तर मी स्वतः ६१ लिहीन, लाज वाटणार नाही मला. पण विचारू द्या."

साहेबांनी खिशातून यंत्राच्या खोलीची किल्ली काढून ती ओल्या ओट्यावर ठेवली.

पुढचे अकरा दिवस बाईंनी दुसरं काही केलं नाही. आणखी सायी काढल्या, आणखी रचल्या. वाटी तापवण्याआधी आणि नंतर काट्यावर तोलली. इतकं मऊ पडण्याएवढं द्रावक असतं तर निदान शंभर मायक्रोग्रॅम तरी उडून वजन घटायला हवं होतं. घटलं तीन. त्यांनी तोलणं पुन्हा केलं, खिडकी लावून. तीनच. मग त्याच द्रावणातून जाड थर धरवला, त्याच पाण्यात बुडवला, तितकाच सुकवला. जाड थरात तर द्रावक जास्तच अडकून राहणार. पण त्याची पायरी पहिल्या तापवणीतही एकसष्टलाच आली. तीनशे नॅनोमीटरच्या सायीची साठला, शंभराच्या सायीची पंचावन्नला, चाळिसाच्या सायीची पुन्हा सत्तेचाळीसला. थर जितका पातळ, तितकी पायरी खाली.

शेवटची चाचणी त्यांना पहाटे चहा गाळताना सुचली. वाटी एकशेवीसला न्यायचीच नाही. पंच्याहत्तरपर्यंत न्यायची, लगेच खाली आणायची, पुन्हा तापवायची. द्रावक असलं तर पहिल्याच फेरीत उडेल आणि पायरी वर सरकेल. पहिली फेरी सत्तेचाळीस. दुसरी सत्तेचाळीस. तिसरीही. परिशिष्टसाहेब त्या वेळी मागेच उभे होते. मग बाईंनी वाटी पंच्याहत्तर अंशांवर तशीच ठेवून दिली. तासानं पन्नास, चार तासांनी चोपन्न, दुसऱ्या दिवशी सकाळी साठ.

"सायी हळूहळू एकमेकींत मिसळतायत," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "जसजसा गोळा होतोय, तसतशी वर चढतेय." त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बाईंच्या शेजारी बसले. "सत्तेचाळीस खरंय, बाई."

"मग चला वर."

वर म्हणजे मोठ्या साहेबांच्या खोलीत. लांब टेबल, गार हवा, भिंतीवर पट्टीची चकचकीत जाहिरात. मोठे साहेब ओरडणारे नव्हते. त्यांनी आलेख पाहिले, पाणी मागवलं आणि गोड आवाजात विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती झालंय?"

"दहावी, साहेब. पहिल्या तापवणीत नापास, दुसऱ्यात पास."

परिशिष्टसाहेबांना खोकला आला. मोठे साहेब हसले नाहीत.

"तुमच्या कष्टाचं कौतुकच आहे. आपण असं करू. मुख्य आकडा नियमाप्रमाणे एकसष्ट. खाली तळटीप देऊ: विशिष्ट परिस्थितीत कमी तापमानाला बदल संभवतो. दोन्ही बाजू सांभाळल्या जातील."

"तिसरी बाजू राहिली ना साहेब. खाटेवरची."

"भावनेच्या भरात..."

"भावना कुठेय यात? सत्तेचाळीस हा आकडा आहे. ट्रकमध्ये खोकी चढवणारा माणूस तळटीप वाचत नाही. सिस्टरलाही वाचायला फुरसत नाही, तिचे हात पट्टीत असतात. ते दोघं खोक्यावरचा मोठा आकडा वाचतात. तो खोटा असेल तर खाली बारीक अक्षरात खरं लिहून उपयोग काय?"

मग त्यांनी पिशवीतून कोरा अहवाल काढला. तिथेच, त्या लांब टेबलावर, चौकटीत ४७ लिहिलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'दुसऱ्या तापवणीत ६१, परंतु तोपर्यंत नमुना साय राहिलेला नव्हता.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद मोठ्या साहेबांपुढे ठेवला.

"आणि हा मी नामंजूर केला तर?"

"करा ना. 'नामंजूर' असं लिहा आणि खाली तुमची सही करा. मी काय वेगळं मागतेय?"

मोठ्या साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. सही मात्र कशावरच केली नाही. "बघू," म्हणाले.

बघू म्हणजे कागद खणात. तीन आठवडे गेले. काटेबाई यंत्रावर परतल्या होत्या, कारण दुसऱ्या कुणाला ते धड जमत नव्हतं, पण बोलायला कुणी जवळ येईना. जेवणाच्या सुट्टीत शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मग सिस्टरचा फोन आला. कारखान्यातली गोष्ट फोनवर सांगायची नसते, हे बाईंना माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या खोक्याची तपासणी झालीय. अहवाल आहे. तोंडी मागू नका, रुग्णालयाच्या कागदावर लेखी मागा."

लेखी मागणी आली आणि ती नियमाप्रमाणे परिशिष्टसाहेबांच्या टेबलावर गेली. लेखी मागणीला सात दिवसांत सही असलेल्या अहवालाची प्रत द्यायची, असं पुस्तकात होतं. सही असलेला अहवाल जगात एकच होता. साहेबांनी तो खणातून मागवून घेतला, प्रत काढली आणि पाठवणाऱ्याच्या जागी आपली सही ठोकली. मोठ्या साहेबांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "परिशिष्ट ड, मुद्दा दोन." त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन काटेबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

त्यानंतर गोष्टी हलल्या, पण वाजतगाजत नाही. बाजारातली खोकी परत आली. नवीन खोक्यांवर पस्तीस अंश छापलं गेलं आणि गार ट्रक लागले. पातळ थरासाठी पहिल्या तापवणीचा आकडा धरावा, असं एक नवीन पान कार्यपद्धतीच्या पुस्तकात चिकटलं. कंपनीच्या पत्रकात याला 'सुधारित साठवण सूचना' म्हटलं होतं. चूक हा शब्द कुठे नव्हता, काटेबाईंचं नावही नव्हतं. सिस्टरनं मात्र पत्र धाडलं, चार ओळींचं. पट्ट्या आता सुटतात, असं त्यात होतं. पट्टीबरोबर जिची कातडी आली होती त्या रुग्ण बाईची जखम भरायला दोन महिने जास्त लागले, असंही. बाईंनी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. दुसरं वाक्य त्यांना फार दिवस टोचत राहिलं. वडीचा एकसष्ट त्यांच्याच हातचा होता, आणि इतकी वर्षं त्यांनीही तो प्रश्न विचारला नव्हता.

वर्षअखेरीच्या शेऱ्यात त्यांच्या नावापुढे 'सहकार्याचा अभाव' असं आलं. घरी त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा यजमान गंभीरपणे म्हणाले, "तीस वर्षं मी हेच सांगतोय, पण माझ्याकडे लेटरहेड नव्हतं." लेक मात्र हसली नाही. तिनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, याच्या विरोधात अर्ज करता येतो. मी लिहून देते." आईनं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "पण नेमकं लिही. 'अभाव' नाही म्हणावं, 'नकार' होता."

पुढच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं. नखाएवढ्या चकतीवर चालणारा कॅलरीमीटर, एकट्या सायीची पायरी दाखवणारा. रचायला नको, चार मिलिग्रॅम नको. यंत्र घेऊन आलेला माणूस टाय लावून होता आणि फार भरभर बोलत होता. त्यानं बाईंनीच काढलेली एक साय चकतीवर घातली, कळ दाबली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर आकडा आणला. छप्पन्न.

"बघा," तो म्हणाला. "तुमच्या जुन्या यंत्राचा आकडा सत्तेचाळीस ना? आता अचूक कळलं."

काटेबाईंनी चष्मा सारखा केला. "किती वेगानं तापवलंत?"

"सेकंदाला शेकडो अंश! हेच तर याचं वैशिष्ट्य."

"माझं यंत्र मिनिटाला दहा जातं. इतक्या घाईनं विचारलंत तर बिचारीला हलायलाच सवड नाही. ती मऊ पडेपर्यंत तुमचा आकडा नऊ अंश पुढे निघून गेलेला असणार." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "वेग कमी करा. करता येतो ना? मग करा. आधी निम्मा, मग त्याच्या निम्मा. प्रत्येक वेळी किती खाली येतो ते मी लिहून घेते."

"मॅडम, त्याला दिवस जाईल."

"जाऊ दे. आणि त्याआधी तो धातूचा कण वितळवून दाखवा. तुमचं यंत्र खरं बोलतं की नाही, ते तर अजून बघायचंच आहे."